उन्हाळ कांद्याचे भवितव्य थंडीच्या तारखेवर

नाशिक (खास प्रतिनिधी) : कांदा महागला की शहरांत साठेबाजी आणि निर्यात धोरणाची चर्चा सुरू होते. मात्र पावसाळ्यात शहरांना किती कांदा पुरणार, हे आदल्या हिवाळ्यातील लागवडीच्या तारखेवर बरेचसे ठरलेले असते.

राज्यात कांदा खरीप, रांगडा व रब्बी अशा तीन हंगामांत घेतला जातो. त्यांपैकी दीर्घकाळ टिकतो तो रब्बीचा, अर्थात उन्हाळ कांदा. देशाच्या एकूण उत्पादनात त्याचा वाटा निम्म्याहून अधिक आहे. एप्रिल-मेमध्ये चाळीत भरलेल्या या कांद्यावरच खरिपाचा नवा माल येईपर्यंत भिस्त असते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टाकलेल्या रोपांची लागवड डिसेंबर ते जानेवारीच्या पूर्वार्धात होते. याच काळात थंडीच्या लाटेत निफाड परिसरातील पारा अनेकदा पाच अंशांच्या खाली घसरतो. क्वचित दवबिंदूही गोठतात. लहान रोपे ही थंडी सोसतात, त्यांची वाढ तेवढी मंदावते. धोका असतो तो घाईने केलेल्या लागवडीला. जाड मानेचे, वाढलेले रोप काही आठवडे दहा-पंधरा अंश तापमानात राहिले, तर कंद पोसण्याऐवजी फुलाचा दांडा काढते. हेच डेंगळे. असा कांदा चाळीत टिकत नाही आणि त्याला भावही मिळत नाही. उलट लागवड जानेवारीअखेरपर्यंत लांबली, तर पात पुरेशी वाढण्यापूर्वीच उन्हाचा चटका बसतो आणि कांदा बारीक राहतो.

हिमवर्षावाच्या प्रदेशांत शेतकरी हिमदवाच्या सरासरी तारखा पाहून लागवड ठरवतात. नाशिकच्या थंडीला अशी ठरावीक तारीख नाही. त्यात परतीच्या पावसाने रोपे सडली, तर बी पुन्हा टाकावे लागते आणि लागवड आपोआप लांबते.

या अनिश्चिततेत भर पडते ती धोरणाची. केंद्राची कांदा निर्यातबंदी ८ डिसेंबर २०२३ पासून लागू झाली, ती ऐन लागवडीच्या दिवसांत. किमान निर्यात मूल्य व ४० टक्के शुल्काच्या अटींवर ती उठली मे २०२४ मध्ये, म्हणजे काढणी सरत आल्यावर. दरम्यान शेतकऱ्याने बियाणे, मजुरी आणि खतांवर खर्च करून टाकला होता. थंडी केव्हा पडावी, हे कोणाच्याच हाती नाही. निर्यातीचा निर्णय केव्हा जाहीर करावा, हे मात्र सरकारच्या हाती आहे. तो निदान रोपे टाकण्यापूर्वी कळला, तर किती क्षेत्रावर कांदा लावायचा, हे शेतकऱ्याला वेळीच ठरवता येईल.