हजेरी कामाची घ्या

पहाटे साडेपाचला मी उजव्या पायात कॅलिपर चढवते. मांडीचा पट्टा, गुडघ्याचा पट्टा, पोटरीचा पट्टा, मग बूट. उभं राहिल्यावर गुडघ्याच्या दोन्ही बाजूंच्या कड्या खाली सरकवल्या की सांध्याला कुलूप बसतं आणि पाय वजन पेलतो. बसताना त्याच कड्या वर ओढाव्या लागतात. डोंबिवलीहून सीएसएमटीला जाणाऱ्या लोकलच्या अपंगांच्या डब्यात गर्दीमुळे कड्यांपर्यंत हातच पोहोचत नाही. मग पाय सरळ पुढे काढून बसायचं आणि येणारा-जाणारा त्याला अडखळला की आपणच माफी मागायची. ४८ किलोमीटर जायचे, ४८ यायचे. टेबलाशी पोहोचते तेव्हा दिवसाची निम्मी ताकद संपलेली असते आणि काम तर अजून सुरूही झालेलं नसतं.

माझं काम विम्याचे दावे तपासण्याचं. कागद स्कॅन होऊन येतात. ते पडद्यावर वाचायचे, पॉलिसीच्या अटींशी ताडून बघायचे, शेरा मारायचा आणि पुढे पाठवायचं. मार्च २०२० नंतर, कोरोनाच्या साथीत, दीड वर्ष मी हे काम स्वयंपाकघराशेजारच्या टेबलावरून केलं. मी घरी आहे म्हणून एकही दावा रखडला नाही. ऑफिस पूर्ववत झालं तेव्हा मी अर्ज दिला: आठवड्यातले तीन दिवस घरून काम करू द्यावं. दोन ओळींचं उत्तर आलं, ‘कार्यालयीन शिस्तीच्या दृष्टीने विनंती मान्य करता येत नाही.’ पुढे आणखी दोन अर्ज केले. उत्तराची भाषासुद्धा बदलली नाही.

त्या दोन ओळींत कारण नाही. कारणं कळतात ती बोलण्यातून, चहाच्या वेळी, साहेबांच्या केबिनमध्ये. आणि ती माझ्याच ऑफिसातली नाहीत. अपंगत्वामुळे घरून काम मागणाऱ्या प्रत्येकाला थोड्याफार फरकाने तीच ऐकावी लागतात. म्हणून ती एकेक करून मांडते आणि त्यांना उत्तर देते.

पहिला आक्षेप सर्वांत आपुलकीने घेतला जातो. ‘मॅडम, तुम्ही तर पंचवीस वर्षं रोज येताय. आता अचानक काय झालं?’

अचानक काही झालेलं नाही. मला पोलिओ झाला १९७५ साली. देशात लसीकरणाचा व्यापक कार्यक्रम सुरू झाला १९७८ मध्ये. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या स्नायू हलवणाऱ्या पेशी मारतो. ज्या पेशी वाचतात, त्या नवे फाटे फोडून मेलेल्यांच्या वाट्याचे स्नायूही सांभाळू लागतात. मुलाचा पाय थोडा सुधारतो, घरच्यांना हायसं वाटतं. पण दुप्पट-चौपट भार उचलणाऱ्या या पेशी तीस-चाळीस वर्षांनी थकतात, त्यांचे फाटे गळू लागतात. नवी अशक्तता येते, सांधे दुखतात आणि झोपेनेही न जाणारा थकवा येतो. याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. तो बरा करणारं औषध नाही. डॉक्टर सांगतात ते एवढंच, की शक्ती जपून वापरा, जिथे ती खर्च करायची गरज नाही तिथे करू नका.

भारत पोलिओमुक्त असल्याचं २०१४ मध्ये जाहीर झालं आणि त्याचा आनंद आम्हालाही झाला. पण त्या आधीच्या दशकांत पोलिओ झालेली आमची पिढी आज चाळिशी-पन्नाशीत आहे, नोकरीत आहे, अनुभवाने पिकलेली आहे. पंचवीस वर्षं आले, हा माझ्याविरुद्धचा पुरावा कसा होईल? त्या पंचवीस वर्षांचीच किंमत हे शरीर आता मोजतंय.

दुसरा आक्षेप कायद्याचा. ‘कायद्यात घरून काम असा शब्द कुठे आहे?’ नाही, तो शब्द २०१६च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमात नाही. पण त्यात जे आहे ते या शब्दापेक्षा मोठं आहे. अपंग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क बजावता यावेत म्हणून आवश्यक आणि योग्य ते बदल करायचे, अशी ‘रीझनेबल अकॉमोडेशन’ची, म्हणजे वाजवी तजविजीची व्याख्या त्यात आहे. ही तजवीज नाकारणं हा भेदभावच आहे, असंही तोच कायदा सांगतो. कोणाला कोणता बदल लागेल याची यादी कायद्याने दिली नाही, कारण तशी यादी करताच येत नाही. अंध सहकाऱ्याला पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर लागेल, बहिऱ्या सहकाऱ्याला बैठकीचं लेखी टिपण लागेल, मला रोजच्या ९६ किलोमीटरमधून सुटका लागेल.

सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात हेच स्पष्ट केलं. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता आणि त्याने परीक्षेसाठी लेखनिक मागितला होता. तुमचं अपंगत्व ४० टक्क्यांच्या मोजपट्टीत बसत नाही, म्हणून आयोगाने नकार दिला. न्यायालयाने तो नकार चुकीचा ठरवला आणि सांगितलं, की वाजवी तजवीज त्या-त्या व्यक्तीची गरज पाहून ठरवायची असते.

कायद्याची मर्यादाही सांगते. कर्मचाऱ्याला वाजवी तजवीज पुरवण्याचं थेट कर्तव्य कलम २० सरकारी आस्थापनांवर टाकतं. खासगी क्षेत्राबाबत भाषा तितकी थेट नाही. तरीही समान संधी धोरण जाहीर करणं प्रत्येक आस्थापनेला बंधनकारक आहे. वीस किंवा अधिक कर्मचारी असतील, तर अपंग कर्मचाऱ्याला काम नीट करता यावं म्हणून कोणत्या सोयी देणार हे खासगी कंपनीनेही त्या धोरणात लिहायचं असतं. मालकावर अवाजवी बोजा पडू नये, हीदेखील कायद्याचीच अट आहे आणि ती मला मान्य आहे. पण बोजा आहे म्हणणाऱ्याने तो दाखवला पाहिजे. ‘शिस्त’ या एका शब्दात बोजा सिद्ध होत नाही.

तिसरा आक्षेप कामाचा. ‘घरून काम होत नाही. समोर माणूस नसेल तर लक्ष कसं ठेवणार?’ काही कामं घरून होत नाहीत, हे खरं आहे. परिचारिकेला वॉर्डात यावंच लागेल, लेथवरच्या कामगाराला लेथपाशीच उभं राहावं लागेल. त्यांच्यासाठी पाळी, बसण्याची जागा, कामाची वाटणी बदलता येईल. पण ज्याचं सगळं काम पडद्यावर चालतं, त्याच्याबाबत हा प्रश्न देशाने स्वतःच सोडवून दाखवला आहे. ३ जानेवारी २०२२ रोजी केंद्राच्या कार्मिक विभागाने दिव्यांग आणि गरोदर कर्मचाऱ्यांना ऑफिसात येण्यातून सूट दिली आणि घरून काम करायला सांगितलं. साथीत जे काम घरून चालत होतं, त्याचं स्वरूप साथ ओसरल्यावर बदललं नाही. आणि लक्ष ठेवायचंच असेल तर ते कशावर ठेवायचं? माझा प्रत्येक शेरा वेळेसह संगणकात नोंदला जातो. दारातलं हजेरीचं यंत्र फक्त माझं बोट ओळखतं. त्या बोटाने दिवसभरात काय केलं हे त्याला कळत नाही.

चौथा आक्षेप सर्वांत जास्त चालतो. ‘एकाला दिलं की सगळे मागतील.’ याचं उत्तर मला रोज लोकलमध्ये मिळतं. अपंगांच्या डब्यात धडधाकट माणसं घुसतात, त्यामुळे कुबडीवाला दारात लटकतो. मी हे सोसलं आहे, म्हणून गैरफायदा घेतला जाणारच नाही असं मी म्हणणार नाही. पण त्यावर रेल्वेने काय करायचं? डब्यात तपासणी ठेवायची, की डबाच काढून टाकायचा? डबा काढला तर घुसखोर दुसऱ्या डब्यात चढेल, फलाटावर राहू आम्ही. ऑफिसनेही तपासणी जरूर करावी. प्रमाणपत्र बघावं, डॉक्टरांचं मत घ्यावं, वर्षाने पुन्हा विचारावं. गैरफायद्याच्या भीतीने गरजवंताचाच दरवाजा बंद करणं याला शिस्त म्हणत नाहीत.

पाचवा आक्षेप आमच्यातूनच येतो आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. अपंगांच्या चळवळीत उमेदीची वर्षं घालवलेली एक मैत्रीण मला म्हणाली, ‘ताई, शाळेत जायचं, बाहेर पडायचं, चारचौघांत दिसायचं, यासाठी आपण आयुष्यभर भांडलो. आता तूच घरात बसायला मागतेस? उद्या ऑफिसवाले म्हणतील, रॅम्प कशाला, लिफ्ट कशाला, तुम्ही घरीच बसा.’

तिची भीती खरी आहे. मला आठवतं, पाहुणे आले की मला आतल्या खोलीत बसवायचे. घरात राहणं म्हणजे आमच्यासाठी कोंडणं होतं, आणि बायकांसाठी तर ते दुहेरी होतं. त्या दीड वर्षातही मी घरून काम करते म्हटलं की गॅसवाल्यापासून शेजारच्या पार्सलपर्यंत सगळं माझ्याच दारात यायचं. म्हणूनच मी एका गोष्टीवर ठाम आहे: घरून काम करण्याची मागणी कर्मचाऱ्याची असली पाहिजे, मालकाचा हुकूम नव्हे. ज्याला ऑफिसात यायचं आहे त्याला रॅम्प, लिफ्ट, वापरता येईल असं स्वच्छतागृह मिळालंच पाहिजे, आणि मला ज्या दोन दिवशी यायचं आहे त्या दिवशी मलाही ते लागतं. त्या मैत्रिणीला मी एवढंच विचारलं, की बाहेर पडण्यासाठी आपण भांडलो ते कशासाठी? कमावण्यासाठी, स्वतःच्या नावाने ओळखलं जाण्यासाठी. आज रोजच्या प्रवासापायी मी स्वेच्छानिवृत्ती घेतली, तर खरी घरात बसेन तेव्हाच.

तर मग काय व्हावं? माझं म्हणणं साधं आहे आणि ते कोणत्याही ऑफिसात अमलात आणता येईल.

अर्ज आला की पदाचं नाव बाजूला ठेवून कामांची यादी करावी. त्यातली कोणती घरून होतात, कोणत्यांसाठी यावं लागतं, हे अर्जदार आणि वरिष्ठ यांनी समोरासमोर बसून ठरवावं. तीन महिने करून बघावं आणि सर्वांना लावतात तीच फूटपट्टी लावावी, किती दावे तपासले, किती चुका निघाल्या. घरून काम करणाऱ्याचं नाव बढतीच्या यादीतून, प्रशिक्षणातून, महत्त्वाच्या फायलींतून गळता कामा नये. परत ऑफिसात यावंसं वाटलं तर त्याची खुर्ची तिथे असावी. आणि नकार द्यायचाच असेल तर तो कारणासह लेखी द्यावा, म्हणजे माणसाला पुढे दाद मागता येईल. सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमण्याची तरतूद कायद्यातच आहे आणि महाराष्ट्रात दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यात आहे. पण प्रकरण तिथवर जावंच का? एका टेबलावर अर्ध्या तासात सुटणारी ही गोष्ट आहे.

ऑफिसात दुपारी चारला काय होतं आणि घरून काम करताना काय व्हायचं, ते सांगते. प्रवासाच्या दिवशी चार वाजता डोळ्यांपुढे अक्षरं हलू लागतात, मी तीच ओळ तिसऱ्यांदा वाचत असते, आणि समोर कुणाच्या तरी गेलेल्या नवऱ्याच्या पॉलिसीचे कागद असतात. त्या बाईचा दावा उद्यावर ढकलावा लागतो. घरून काम करायचे तेव्हा कॅलिपर काढलेलं असायचं, पाय उशीवर असायचा, डोकं शाबूत असायचं. असा दावा त्याच दिवशी पुढे जायचा.

उद्या मी चौथा अर्ज देणार आहे. सोबत माझ्या कामांची यादी जोडली आहे, दीड वर्ष घरून केलेल्या कामाची नोंद जोडली आहे, डॉक्टरांचं पत्र जोडलं आहे. या वेळी होकार मिळेल अशी मला आशा आहे. आणि नकारच द्यायचा असेल, तर त्याखाली कारण लिहिलेलं असावं, एवढा माझा हक्क आहे.