हरलेल्यांची आठवण

रमजानच्या सतराव्या रोज्याला मशिदींतून बद्रची आठवण निघते. हिजरी सन २ मध्ये याच दिवशी ३१३ माणसे आपल्यापेक्षा तिप्पट मोठ्या फौजेसमोर उभी राहिली आणि जिंकली. पुढच्याच वर्षी, रमजान संपून शव्वाल लागल्यावर, उहुदच्या डोंगराशी त्यांना जबर मार बसला. टेकडीवर ठेवलेल्या तिरंदाजांना लढाई जिंकल्यासारखी वाटली, त्यांनी जागा सोडली आणि पारडे फिरले. सत्तर जण शहीद झाले, त्यांत पैगंबरांचे चुलते हजरत हमजाही होते. खुद्द पैगंबर जखमी झाले. पण मुस्लिम परंपरेने ना ती हार दडवली, ना ती चूक. बद्रइतकेच उहुदही सांगितले जाते. मदिनेला गेलेला माणूस उहुदच्या पायथ्याशी जाऊन त्या शहिदांना सलाम केल्याशिवाय सहसा परतत नाही.

मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही. 'पानिपत होणे' हा पराभवाचा शब्द त्याच्या रोजच्या बोलण्यात आहे आणि तरीही पानिपतचे नाव काढले की त्याची मान खाली जात नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊंची फौज बुडाली. घराघरांतले कर्ते पुरुष गेले. भाऊंच्या चुका इतिहासकारांनी उघडपणे मांडल्या आहेत. सोबत यात्रेकरू आणि बायकामुले घेतली, रसद तुटेपर्यंत वाट पाहिली, मल्हारराव होळकरांचा गनिमी काव्याचा सल्ला मानला नाही. एवढे सगळे माहीत असूनही भाऊंबद्दलचा आदर उरलाच.

त्या फौजेत इब्राहिमखान गारदी होता. फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली कवायती युद्ध शिकलेला, आधी निजामाच्या चाकरीत असलेला आणि नंतर पेशव्यांकडे आलेला. तोफखाना आणि बंदुकधारी पायदळ त्याच्याकडे होते. त्या दिवशी डाव्या बगलेला त्याच्या गारद्यांनी समोरच्या रोहिल्यांची दाणादाण उडवली. मग शेजारचे मराठा घोडदळ जोशात पुढे घुसले, गोलाची शिस्त मोडली. उहुदची टेकडी इथेही आठवते. गारदी मात्र जागा सोडून गेले नाहीत, बहुतेक तिथेच पडले. इब्राहिमखान जखमी होऊन शुजाउद्दौलाच्या गोटात कैद झाला. अब्दालीने त्याला मागून घेतले आणि त्याचा शेवट केला. ही हकीकत शुजाच्याच पदरी असलेल्या काशीराज पंडिताने फारसीत लिहून ठेवली आहे. अब्दालीकडे दयेने पाहावे असे वागणे त्याच्या हातून झाले नव्हते. खाल्ल्या मिठाला तो जागला होता.

मराठीत मात्र 'गारदी' म्हटले की आठवतो तो शनिवारवाडा, १७७३ सालचा नारायणराव पेशव्यांचा खून. मारेकरी गारद्यांत सुमेरसिंगही होता, पण त्याच्या नावावरून कोणी सबंध जातीधर्माचा हिशेब मांडत नाही. पानिपतावर उभे राहून मेलेल्या हजारो गारद्यांना त्या शब्दात जागा उरली नाही, याची खंत कुणी तरी करायला हवी.

उलव्यात राहणाऱ्यांना यासाठी पानिपतपर्यंत जायला नको. अटल सेतू आणि विमानतळ यांच्यामध्ये वसलेल्या या नव्या नगरात कोकणातले, घाटावरचे, उत्तरेकडचे लोक येऊन राहिले. आजूबाजूची गावे आगरी-कोळी. सोसायट्यांच्या ग्रुपवर इतिहासाचे व्हिडिओ फिरतात आणि कोण कोणाच्या बाजूने लढला यावर शेजाऱ्याशेजाऱ्यांत बोलाचाली होते. त्यांच्याच पनवेल तालुक्यात शिरढोण आहे. वासुदेव बळवंत फडके ४ नोव्हेंबर १८४५ रोजी तिथे जन्मले. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार, त्यांच्या हातून किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला. म्हणजे पराभव घरातच सांगितला जात असणार.

फडके पुण्याला लष्करी हिशेब खात्यात कारकून होते. १८७६-७७ च्या दुष्काळात माणसे मरताना पाहिली आणि त्यांनी बंड मांडले. सुशिक्षित, पैसेवाले सोबत आले नाहीत. आले ते रामोशी, कोळी, धनगर. फौज उभी करायला पैसा हवा म्हणून दरोडे घातले. हा मार्ग तोकडा होता. लुटीच्या पैशावर जमलेली माणसे पैसा संपताच पांगतात, हे फडक्यांनाही कळून चुकले. मे १८७९ मध्ये त्यांचा जिवाभावाचा साथीदार दौलतराव नाईक याने पनवेलजवळच्या पळस्पे आणि चिखलीवर छापा घातला. परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने त्याला गाठले आणि दौलतराव मारला गेला. बंडाचा कणा तिथे मोडला.

मग फडके निजामाच्या मुलखात गेले आणि नवी फौज मागितली ती रोहिल्यांकडे. त्यांचा म्होरक्या इस्माईलखान माणसे द्यायला तयार झाला. पानिपतावर रोहिले समोर होते, एकशे अठरा वर्षांनी शिरढोणच्या चित्पावन ब्राह्मणाने त्यांच्याच भरवशावर इंग्रजांना आव्हान द्यायचे ठरवले. ती फौज उभी राहायच्या आतच जुलै १८७९ मध्ये तापाने फणफणलेले फडके आजच्या कर्नाटकातल्या देवर नावदगीजवळ पकडले गेले. पकडणाऱ्यांत डॅनियलबरोबर निजामाचा पोलीस अधिकारी अब्दुल हक होता. एक मुसलमान फौज देणारा, एक बेड्या घालणारा. ज्यांना नावावरून बाजू ओळखायची सवय आहे, त्यांनी या दोघांना कोणत्या खान्यात बसवायचे ते ठरवून पाहावे.

पुण्याला खटला झाला, वकीलपत्र सार्वजनिक काकांनी घेतले. जन्मठेप झाली, एडनला रवानगी झाली. १८८३ च्या फेब्रुवारीत कोठडीचे दार बिजागरीतून उखडून ते निसटले आणि काही तासांत पुन्हा पकडले गेले. त्यानंतर त्यांनी अन्न सोडले. १७ फेब्रुवारीला गेले, वय ३७. रोजेदाराला दिवसभराच्या भुकेनंतर मगरीबच्या अजानीचा भरवसा असतो. परमुलखातल्या त्या कैद्याच्या उपासाला तसा भरवसा नव्हता.

हरलेल्या नायकाला लोक निदान विसरत नाहीत. फडक्यांचे स्मारक शिरढोणला आहे, शाळेच्या पुस्तकात धडा आहे. त्यांच्याबरोबर हरलेल्यांचे काय, हा प्रश्न राहतोच. दौलतराव नाईकाचे नाव पळस्प्याला राहणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल? इस्माईलखानाचे तर सोडाच. पराभवातही पहिली रांग आणि मागची रांग असतेच, आणि मागच्या रांगेत नेहमी तेच असतात ज्यांना लिहिता येत नव्हते किंवा ज्यांचे नाव पुढच्या काळाला सोयीचे वाटले नाही.

ईद झाली की बासी ईदेला उलव्यातली कितीतरी कुटुंबे मुलाबाळांना घेऊन कर्नाळ्याच्या अभयारण्यात जातील. त्या वाटेवर आधी पळस्पे लागते, मग शिरढोण. गाडी दहा मिनिटे थांबवायला हरकत नाही. स्मारकापाशी मुलांना फडक्यांची गोष्ट सांगावी, आणि तिथेच दौलतराव व इस्माईलखान ही दोन नावेही सांगावीत.