आधी नमुना, मग माल

धान्याच्या पेढीवर आलेला ग्राहक शिवलेल्या पोत्याकडे पाहून सौदा करीत नाही. पोत्यातील मूठभर धान्य तळहातावर घेतल्यावरच भावाची बोलणी सुरू होतात. कापडाचा व्यापारीही ठाण उलगडून दाखवितो, मग दर सांगतो. पुस्तकाच्या बाबतीत मात्र हा जुना रिवाज पुष्कळदा विसरला जातो. लेखक पदरमोड करून हजार प्रती छापतो, प्रकाशनाचा समारंभ होतो, शाल-श्रीफळ होते, शे-दोनशे प्रती आप्तेष्टांत वाटल्या जातात आणि उरलेले गठ्ठे माळ्यावर जातात. त्या गठ्ठ्यांत केवळ कागद अडकून पडत नाही. त्यात निवृत्तीच्या रकमेचा एखादा हिस्सा असतो, काही वर्षांचे परिश्रम असतात आणि घरातील माणसांसमोरचा लेखकाचा मानही असतो.

या संदर्भात अमीश त्रिपाठी यांचे उदाहरण व्यापारी कुटुंबांनी लक्षात घेण्यासारखे आहे. मुंबईत जन्मलेले अमीश हे कोलकात्याच्या भारतीय प्रबंध संस्थेतून व्यवस्थापनाचे शिक्षण घेऊन बँकिंग व विमा क्षेत्रात नोकरी करणारे गृहस्थ. भगवान शिवाला नायक कल्पून त्यांनी ‘द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा’ ही इंग्रजी कादंबरी लिहिली. एकामागून एक प्रकाशकांनी हस्तलिखित नाकारले. अखेरीस त्यांच्या साहित्य-प्रतिनिधीनेच पुस्तक काढण्याचे ठरविले आणि प्रचाराची बाजू अमीश यांनी स्वतःच्या अंगावर घेतली. फेब्रुवारी 2010 मध्ये पुस्तक बाजारात आले.

प्रचारासाठी त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिले प्रकरण स्वतंत्र छापून ते पुस्तकांच्या दुकानांतून ग्राहकांना विनामूल्य दिले. हा झाला हातावरचा नमुना. दुसरे म्हणजे, चित्रपटाची झलक असते त्या धर्तीवर पुस्तकाचा छोटा व्हिडिओ तयार करून तो यूट्यूबवर ठेवला. त्याला तालवादक तौफिक कुरेशी यांचे संगीत होते. कादंबरीची अशी चित्रफीत काढण्याची कल्पना आपल्याकडे त्या काळी नवीनच होती. पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. पुढे 2013 मध्ये मालिकेचा तिसरा भाग आला, तेव्हा त्याच्या जोडीला गीतांचा एक संग्रहही काढण्यात आला.

यातील सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट मात्र पडद्यामागची आहे. पुस्तक गाजल्याबरोबर अमीश यांनी नोकरी सोडली नाही. मानधनाचा धनादेश पगारापेक्षा मोठा झाल्यावरच त्यांनी राजीनामा दिला. नव्या व्यवसायात उतरताना जुन्या दुकानाला कुलूप केव्हा लावावे, याचा हा उत्तम पाठ होय.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील कादंबरीकार जॉन ग्रीन यांचे. त्यांनी व त्यांचे बंधू हँक यांनी 1 जानेवारी 2007 पासून एक उपक्रम हाती घेतला. वर्षभर एकमेकांना काहीही लिहून पाठवायचे नाही, बोलायचे ते यूट्यूबवरील व्हिडिओंतून. वर्ष संपले तरी व्हिडिओ थांबले नाहीत. त्यांत पुस्तकाची जाहिरात क्वचितच असे. वाचन, इतिहास, कुटुंब, हास्यविनोद असे नाना विषय येत आणि पाहणाऱ्यांचा मोठा परिवार हळूहळू जमत गेला. 2011 मध्ये ग्रीन यांनी ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ या आगामी कादंबरीचे नाव जाहीर केले आणि पहिल्या छपाईच्या सर्व प्रतींवर स्वतः सही करण्याचा शब्द दिला. पुस्तक 10 जानेवारी 2012 रोजी प्रसिद्ध व्हायचे होते. परंतु आगाऊ मागणीच्या बळावर ते कित्येक महिने आधीच मोठ्या विक्रेत्यांच्या यादीत अग्रस्थानी पोहोचले. पहिली छपाई होती 1,50,000 प्रतींची. ग्रीन यांनी तेवढ्या सह्या केल्या.

अमीश यांचा व्हिडिओ म्हणजे दुकानाची सजविलेली दर्शनी बाजू, तर ग्रीन यांचे व्हिडिओ म्हणजे पेढीवर वर्षानुवर्षे जपलेला घरोबा. पहिल्यासाठी थोडे भांडवल लागते, दुसऱ्यासाठी सातत्य. परंतु दोहोंच्या मुळाशी एकच वस्तू आहे, ती म्हणजे पत. बाजारात हुंडी वटत असे ती कागदाच्या जोरावर नव्हे, सही करणाऱ्याच्या पतीवर. दीड लाख सह्यांचा शब्द पाळणाऱ्या लेखकाने तेच तत्त्व नव्या साधनाने सिद्ध केले.

ज्या घरात कोणी पुस्तक लिहिले आहे, त्या घराला चित्रपटासारखा खर्च करण्याची मुळीच गरज नाही. खिडकीसमोर, म्हणजे चेहऱ्यावर उजेड येईल असे, लेखकाने बसावे. पंखा बंद ठेवावा, कारण चित्र थोडे अंधुक असले तर चालते, आवाज अस्पष्ट असला तर पाहणारा निघून जातो. मोबाइल हातात न धरता स्थिर ठेवावा. आरंभीची नमस्कार-चमत्काराची वाक्ये गाळून पुस्तकातील एखाद्या प्रसंगानेच सुरुवात करावी. दोन मिनिटांत एक उतारा वाचावा आणि उत्सुकता शिगेला पोहोचली की थांबावे. शेवटी पुस्तकाचे नाव, किंमत आणि ते कोठे मिळेल, हे स्वच्छ सांगावे. चित्रपटातील गाणे पार्श्वभूमीला लावू नये. ती परक्याची मालमत्ता असते आणि हक्कधारकाने हरकत घेतल्यास व्हिडिओ काढून टाकला जाऊ शकतो. पुस्तकात नसलेली गोष्ट व्हिडिओत दाखविणे हे तर खोट्या मापासारखे आहे. एक ग्राहक फसतो आणि दहा जणांना सांगतो.

हिशेबही दोन रकान्यांत ठेवावा. किती जणांनी पाहिले हा एक रकाना, किती प्रती गेल्या हा दुसरा. अंगठे आणि फुलांच्या चित्रांचा पाऊस पडला तरी ती जमा नव्हे. दुसरा रकाना रिकामाच राहिला, तर पुढच्या व्हिडिओवर खर्च करण्यापूर्वी पुस्तकाकडेच पुन्हा एकदा तटस्थपणे पाहावे. पहिल्या छपाईत हजाराऐवजी दोनशेच प्रती काढाव्यात, मागणी आली की पुन्हा छापाव्यात. आज मोजक्या प्रती छापून देणारे मुद्रक मिळतात.

स्वतःच्या पुस्तकाविषयी स्वतःच बोलायचे कसे, हा संकोच अनेक लेखकांना, विशेषतः उतारवयात लेखणी धरणाऱ्यांना वाटतो. तो सुसंस्कृत मनाचा संकोच आहे. परंतु नमुना दाखविणे म्हणजे आत्मस्तुती नव्हे. मूठ उघडून धान्य पुढे करणारा व्यापारी स्वतःची थोरवी गात नसतो. तो ग्राहकाला पारखण्याची संधी देत असतो. लेखकानेही एक पान वाचून दाखवावे आणि पुढचा निर्णय वाचकावर सोपवावा. माळ्यावरचे गठ्ठे खाली उतरण्याची सुरुवात तेथूनच होऊ शकते.