मुलांची माहिती सांभाळा: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,


जिल्हा परिषदेच्या शाळांत उमेदीची सगळी वर्षे घालवून नुकतीच मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली एक शिक्षिका हे पत्र लिहीत आहे. सरकारी शाळेतल्या मुलांची जी माहिती आपले खाते वर्षभर गोळा करते, ती सांभाळण्याची धड व्यवस्था शाळेच्या पातळीवर आज नाही. ती उभी करावी, एवढ्याच मागणीसाठी हे पत्र आहे.

माहिती गोळा करण्याला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा फक्त कागदावर शिकणारी मुले उघडकीला आली. 2015 मध्ये राज्याची ‘सरल’ ही ऑनलाइन नोंदप्रणाली आली आणि प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होऊ लागली. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर बीडहून निघालेले मूल पुढे कोणत्या शाळेत बसले, हे शोधायला अशी नोंद उपयोगी पडते. 2022-23 पासून केंद्र सरकारच्या यू-डायस प्लस या पोर्टलवरही शाळेच्या एकूण आकड्यांऐवजी एकेका मुलाची माहिती भरली जाऊ लागली. त्यानंतर प्रत्येक विद्यार्थ्यासाठी बारा अंकी ‘अपार’ हा ओळख क्रमांक आला. या सगळ्यामागचा हेतू मला मान्य आहे.

पण एका मुलाच्या नोंदीत काय काय असते, ते एकदा पाहावे. नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावे, पत्ता, मोबाइल नंबर, आधार क्रमांक, जात प्रवर्ग, धर्माने अल्पसंख्याक आहे का, घर दारिद्र्यरेषेखाली आहे का, मूल दिव्यांग असेल तर कोणत्या प्रकारचे, आधी शाळाबाह्य होते का. शिष्यवृत्तीचा अर्ज असेल तर बँक खाते आणि उत्पन्नाचा दाखलाही येतो. गावातल्या सावकारालाही एखाद्या घराची एवढी माहिती नसते. शाळेला ती असते, कारण पालक शाळेवर विश्वास ठेवून ती देतात.

ही माहिती पुढे कशी फिरते, ते शिक्षकांना विचारा. परिपाठ संपतो न संपतो तोच शाळा ज्या समूह केंद्राखाली येते, त्या केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप येतो की सोबतच्या नमुन्यातली माहिती अत्यंत तातडीने, दुपारपर्यंत पाठवावी, विलंब झाल्यास मुख्याध्यापक जबाबदार राहतील. मग वर्ग सोडून शिक्षक मोबाइलवर एक्सेल शीट उघडतो. एका ओळीत एक मूल: नाव, जात, आधार क्रमांक, आईचे खाते, आयएफएससी कोड. शीट भरून झाली की ती त्याच ग्रुपवर टाकली जाते. त्या ग्रुपमध्ये केंद्रातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक असतात. बदली होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेले असतात, निवृत्त झालेलेही असतात. ती शीट सगळ्यांच्या फोनमध्ये उतरते आणि तिथेच राहते. पुढे फोन दुरुस्तीला जातो, विकला जातो, घरातल्या मुलांच्या हाती जातो. यातली बरीचशी माहिती पोर्टलवर आधीच भरलेली असते, तरी ती पुन्हा मागवली जाते.

जिथे शाळेत संगणक नाही किंवा रेंज नाही, तिथले शिक्षक तालुक्याच्या नेट कॅफेत जाऊन डाटा एंट्री करून घेतात. शाळेचा लॉगिन आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून तिथे दिला जातो. एकच पासवर्ड मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि कॅफेतला मुलगा वापरतो. उद्या एखाद्या मुलीच्या जन्मतारखेत बदल झाला, तर तो कोणी केला हे शाळेतल्या कोणालाही सांगता येणार नाही.

याच शाळेत जनरल रजिस्टर कसे सांभाळले जाते, तेही आपल्याला माहीत आहे. ते कपाटात कुलपात असते. त्यातले नाव, जात किंवा जन्मतारीख बदलायची तर अर्ज, पुरावा आणि वरिष्ठ कार्यालयाची लेखी परवानगी लागते. दाखल्याची दुसरी प्रत द्यायची तरी नोंद होते. कागदाच्या नोंदीला आपल्याच खात्याने एवढी शिस्त लावली, ती कित्येक पिढ्या टिकली. संगणकावर जाताना ती शिस्त मागेच राहिली.

फोटोंचेही तेच. प्रत्येक उपक्रमाचा पुरावा म्हणून फोटो मागितले जातात. मुलींना सॅनिटरी पॅड वाटप झाले, तर पाकीट हातात धरलेल्या मुलींचा रांगेतला फोटो वर पाठवला जातो आणि तिथून फेसबुकवर जातो. त्यातली सातवीची मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत कोणत्या तोंडाने येईल, याचा विचार फोटो मागणाऱ्याने केलेला नसतो.

आता संमतीबद्दल. ‘अपार’ ऐच्छिक आहे आणि पालकांच्या लेखी संमतीनेच काढायचा आहे, असे केंद्र सरकार सांगते. प्रत्यक्षात शाळांना शंभर टक्क्यांचे उद्दिष्ट मिळते, रोजचा अहवाल जातो आणि मागे राहिलेल्या शाळेला नोटीस निघते. पालकांना ‘येथे सही करा’ एवढेच सांगितले जाते. नाही म्हणता येते, हे त्यांना कोणी सांगत नाही. आधारचेही असेच आहे. सप्टेंबर 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही आणि आधार नाही म्हणून मुलाचा कोणताही लाभ नाकारता येणार नाही, असे स्पष्ट केले. तरीही आपल्या राज्यात संचमान्यता, म्हणजे शाळेतल्या शिक्षकपदांची मंजुरी, आधार व्हॅलिड झालेल्या विद्यार्थ्यांच्या संख्येला जोडली गेली. नावातल्या एका वेलांटीने मूल ‘मिसमॅच’ होते आणि शाळेतले शिक्षकाचे पद धोक्यात येते. मग शिक्षक त्या आईला मजुरी बुडवून आधार केंद्रावर पाठवतो. जिथे शिक्षकाची नोकरी पालकाच्या सहीवर अवलंबून आहे, तिथे त्या सहीला संमती म्हणता येत नाही.

हे सगळे किरकोळ आहे, आपल्याकडे कोण हॅकर येणार, असे कोणी म्हणेल. ‘दीक्षा’ हे आपल्याच देशाचे सरकारी ॲप आहे. त्यातली जवळपास सहा लाख विद्यार्थ्यांची आणि दहा लाखांहून अधिक शिक्षकांची माहिती संरक्षण नसलेल्या सर्व्हरवर उघडी पडली होती, हे जानेवारी 2023 मध्ये ‘वायर्ड’ या नियतकालिकाने उजेडात आणले. अमेरिका आणि कॅनडातल्या हजारो शाळा ‘पॉवरस्कूल’ या कंपनीची प्रणाली वापरतात. डिसेंबर 2024 मध्ये एका चोरलेल्या लॉगिनच्या आधारे तिच्यातून कोट्यवधी विद्यार्थ्यांची माहिती चोरीला गेली. कंपनीने खंडणी भरली, माहिती नष्ट केल्याचे आश्वासन मिळवले, तरी मे 2025 मध्ये शाळांना पुन्हा धमक्या आल्या. टोरांटोच्या शाळामंडळाची तर 1985 पासूनची माहिती त्यात होती. ज्या मुलांनी शाळा सोडून पस्तीस-चाळीस वर्षे झाली, त्यांची नोंद कोणी कधी काढूनच टाकली नव्हती. त्या देशांकडे पैसा आहे, तज्ज्ञ आहेत, तरी एका पासवर्डने हे घडले. आपला पासवर्ड नेट कॅफेतल्या चिठ्ठीवर आहे.

आपल्याकडे माहिती फुटली की ती बातमीही होत नाही. दहावीचा निकाल लागायच्या आत पालकांना खासगी क्लासचे फोन सुरू होतात. मुलाचे नाव, शाळा, माध्यम सगळे समोरच्याला ठाऊक असते. नंबर कुठून मिळाला, हे तो सांगत नाही आणि आपल्याकडे कोणी शोधतही नाही. शिष्यवृत्तीच्या नावाने येणारा ओटीपी मागणारा फोन मात्र याच याद्यांच्या जोरावर खरा वाटतो, आणि त्यात मजुरी करणाऱ्या आईचे खाते रिकामे होते.

कायद्याची बाजूही बदलली आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2017 मध्ये दिला. 2023 मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला आणि नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. कायद्याने अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानले आहे आणि मुलांच्या माहितीसाठी वेगळी बंधने घातली आहेत. सुरक्षेत हयगय करून माहिती फुटली तर अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शिक्षणसंस्थांना शिक्षणाच्या कामापुरत्या काही सवलती आहेत, पण माहिती सुरक्षित ठेवण्याच्या कर्तव्यातून सुटका त्या सवलतींनी होत नाही. नियमांची मुख्य कलमे टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. ती पूर्ण लागू होईपर्यंतचा वेळ तयारीसाठी आहे, आणि आपल्या खात्याने ती तयारी शाळेपासून सुरू करावी.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत:

1. विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती व्हॉट्सॲपवर मागवण्यास आणि पाठवण्यास लेखी बंदी करावी. ही बंदी माहिती मागणाऱ्या अधिकाऱ्यावर असावी. पाठवणाऱ्या शिक्षकाला दोषी धरून प्रश्न सुटणार नाही.

2. पोर्टलवर एकदा भरलेली माहिती कोणत्याही कार्यालयाने पुन्हा मागू नये. नवी माहिती हवी असेल, तर ती कशासाठी, कोण पाहणार आणि किती दिवस ठेवणार, हे त्या पत्रातच लिहावे.

3. प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र लॉगिन द्यावा. कोणी कधी काय पाहिले आणि काय बदलले, याची नोंद राहावी. बदली किंवा निवृत्तीच्या दिवशी लॉगिन बंद व्हावा.

4. प्रत्येक समूह केंद्रावर संगणक, इंटरनेट आणि एक प्रशिक्षित डाटा एंट्री कर्मचारी द्यावा. शिक्षक वर्गात राहील आणि पासवर्ड शाळेबाहेर जाणार नाही.

5. संचमान्यतेसाठी प्रत्यक्ष हजर मुले मोजावीत. आधार व्हॅलिड नाही म्हणून कोणतेही मूल पटावरून कमी होऊ नये.

6. संमतीपत्र सोप्या मराठीत असावे आणि ‘नाही’चा रकाना ‘हो’इतकाच ठळक असावा. मेळघाट, नंदुरबार, गडचिरोलीसारख्या भागांत ते कोरकू, भिली, गोंडीत तोंडी समजावून सांगावे.

7. वर्षातून एकदा पालकसभेत प्रत्येक पालकाला आपल्या मुलाच्या नोंदीची छापील प्रत हातात द्यावी. चुका तिथेच दुरुस्त होतील आणि शाळा आपल्याबद्दल काय लिहून ठेवते हे पालकाला कळेल.

8. मूल शाळा सोडून गेल्यावर दाखल्याला लागणारी नोंद कायम ठेवावी. बँक खाते, मोबाइल, उत्पन्न ही माहिती ठरावीक मुदतीनंतर काढून टाकावी.

9. लाभ घेताना मुलांचे चेहरे दिसणारे फोटो मागणे बंद करावे.

10. माहिती फुटली तर ती लपवू नये. जिल्ह्यात एक जबाबदार अधिकारी नेमावा आणि त्याने पालकांना मराठीत, वेळेत कळवावे.

यातल्या पहिल्या, दुसऱ्या आणि नवव्या मागणीला एक रुपयाही लागत नाही. एक शासन निर्णय पुरेसा आहे. बाकीच्यांना पैसा लागेल, पण सरकारी शाळेत मूल घालणाऱ्या पालकाला खासगी शाळेसारखी निवड नसते. शिष्यवृत्ती हवी तर माहिती द्यावीच लागते, पोषण आहार हवा तर द्यावीच लागते. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या माहितीची राखण करणे हे सरकारचे पहिले कर्तव्य आहे.

शासन निर्णयाची सुरुवात व्हॉट्सॲपवरच्या याद्या बंद करण्यापासून करावी आणि ती येत्या शैक्षणिक वर्षाआधी करावी, ही कळकळीची विनंती.

कळावे.

आपली,
जिल्हा परिषद शाळेतील एक निवृत्त मुख्याध्यापिका