किल्ली कुणाकडे?

छोट्या कंपन्या ई-मेल नि संगणकांची व्यवस्था क्लाउडवर नेत आहेत. खर्च वाचत असेल, माझी त्याला हरकत नाही. पण २०१३ च्या कायद्याने दहा वा अधिक माणसांच्या कंपनीत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, आणि कलम १६ प्रमाणे तक्रार गोपनीय राहायला हवी. ती येते मात्र कंपनीच्याच ई-मेलवर! क्लाउडच्या मुख्य ॲडमिनला कुणाचाही पासवर्ड बदलून खाते उघडता येते. हा ॲडमिन बहुधा मालकाचा भाचा-पुतण्या. तक्रार त्याच्याचविरुद्ध असली तर? पासवर्ड बदलल्याची नोंद राहते खरी, पण ती तपासणाराही तोच! समित्यांवर बाहेरच्या सदस्य म्हणून जाणाऱ्या आपण मैत्रिणींनी पहिल्याच बैठकीत विचारावे, ॲडमिन कोण? उत्तर पटले नाही, तर नियमात सांगितल्याप्रमाणे सहा प्रती कागदावरच घ्याव्यात.