खटका टिकला तर हात टिकला

कापडाच्या धंद्यात चाकू ही किरकोळ चीज आहे. गल्ल्यात पावतीपुस्तकाशेजारी एक मिटता चाकू पडलेला असतो. गाठ आली की सुतळी कापायची, पट्टी उडवायची, ताग्याचे टोक सरळ करायचे आणि चाकू पुन्हा गल्ल्यात टाकायचा. तीस वर्षे आम्ही हेच केले. चाकूचा खटका किती टिकतो, हा प्रश्न आमच्या मनात कधी आला नाही. तो आला तेव्हा आमच्या हमालाची दोन बोटे कापली गेली होती.

झाले ते असे. आम्ही बाजारातून स्वस्तात डझनभर चाकू घेतले होते. दिसायला झकपक, काळी मूठ, पाते उघडले की 'खट्' असा आवाज. सात-आठ महिने ठीक चालले. एके दिवशी हमालचाचा गाठीची पट्टी कापत होते. पाते पट्टीत अडकले, त्यांनी चाकू मागे ओढला, पात्याच्या पाठीवर जोर आला आणि उघडे पाते बोटांवर मिटले. चाचा एवढेच म्हणाले, "सेठ, खटका सुटला." टाके पडले, तीन आठवडे काम बंद. ज्या दुकानातून चाकू घेतले तेथे आम्ही गेलो, तर उत्तर मिळाले की चाकू नीट धरायला हवा होता. औषधपाण्याचा खर्च आम्ही दिला, तो आमचा फर्जच होता. कारण डझनाचा भाव पाहून माल उचलणारे आम्हीच होतो.

त्यानंतर आम्ही ते उरलेले चाकू खोलून पाहिले. ओळखीच्या एका जुन्या लोहारकाम करणाऱ्या कारागिराजवळ बसून समजून घेतले. जे कळले ते व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे ठेवतो.

मिटत्या चाकूचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला साधा. यात पाठीला एक कमान असते आणि ती पात्याच्या बुडावर दाबून बसते. हा चाकू पाते धरून ठेवतो, पण अडवून ठेवत नाही. पाठीवर जोर आला की मिटतो. दुसरा पाठीच्या पट्टीचा. पट्टीच्या टोकाला आकडा असतो, पात्याच्या बुडाला खाच असते, पाते पूर्ण उघडले की आकडा खाचेत पडतो. अमेरिकेतील बक कंपनीने १९६४ साली काढलेला ११० नंबरचा चाकू याच जातीचा आणि त्याची नक्कल जगभर झाली. तिसरा बाजूच्या पत्र्याचा. मुठीच्या आतला पत्रा कापून त्यालाच कमान केलेली असते. पाते उघडले की पत्रा आत सरकून पात्याच्या बुडामागे उभा राहतो. आज बाजारात स्वस्त माल बहुतेक याच प्रकारचा आहे. आमचे चाकूही तेच होते.

आमची समजूत अशी होती की खटका बिघडतो म्हणजे कमान थकते. ती अर्धवट निघाली. चांगल्या पोलादाची कमान तिच्या मर्यादेत वाकत राहिली तर हजारो वेळा वाकून परत येते. मर्यादेबाहेर एकदा जरी वाकवली तर मात्र कायमची बसते. पण पुष्कळ चाकूंत कमान शाबूत असते आणि तरी खटका सुटतो. कारण भार कमानीने उचलायचा नसतोच. कमानीचे काम राखणदाराचे. तिने आकडा किंवा पत्रा जागेवर ठेवायचा. पात्यावर आलेला जोर बुडाने, आकड्याने आणि मधल्या खिळीने पेलायचा असतो. ही तिन्ही जेथे एकमेकांना टेकतात, ती जागा नीट घासलेली नसेल किंवा लोखंड मऊ असेल, तर ती जागा झिजते आणि खटका सुटतो. फ्रान्समधील ओपिनेल चाकू १८९० पासून बनतो. त्याला १९५५ साली मुठीच्या तोंडाशी फिरणारे कडे बसवले. कडे फिरवले की पाते अडते. भार कड्यावर येतो, कमानीवर नाही. म्हणूनच इतकी साधी युक्ती आजवर चालली आहे.

आमच्या गावाला हे समजायला अवघड नाही. धोट्यातली कांडी कशावर बसते, हे मागावरचा पोरगाही सांगेल. तिला धरणारी स्प्रिंग ढिली झाली की कांडी उचलते, बाणा तुटतो, कापड बिघडते. जॉबर तेव्हा केवळ स्प्रिंग बदलत नाही, कांडीचे बूडही तपासतो. बूड झिजले असेल तर नवी स्प्रिंगही काय करणार?

आमच्या चाकूंत तीन दोष सापडले. पत्रा पातळ आणि मऊ होता. पात्याचे बूड कानशीने ओबडधोबड केलेले होते, त्यामुळे पत्रा पुरा टेकत नव्हता, एका कोपऱ्यावर उभा होता. खीळ ढिली होती, पाते डावीउजवीकडे हलत होते. चौथा दोष चाकूचा नव्हता, आपल्या हवेचा होता. मागाच्या कारखान्यात रुई उडत असते. चाकूला तेल लावले की ती रुई त्या तेलावर बसते, खाचेत तिचा नमदा तयार होतो आणि आकडा किंवा पत्रा पूर्ण आत बसत नाही. वरून 'खट्' वाजते, आत खटका अर्धाच लागलेला असतो. म्हणून कारखान्यातल्या चाकूला तेल कमी आणि सफाई जास्त हवी. आठवड्याला जुम्याच्या सुट्टीपूर्वी जुन्या ब्रशने खाच साफ करावी आणि खिळीपाशी शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडावा.

घेताना काय पाहावे? पाते हळू उघडावे आणि पत्रा बुडामागे पूर्ण आला की नाही ते डोळ्यांनी पाहावे, आवाजावर विश्वास ठेवू नये. पत्रा नव्या चाकूतच पलीकडच्या भिंतीला टेकत असेल तर झीज झाल्यावर त्याला सरकायला जागा उरत नाही, तो चाकू घेऊ नये. पाते वरखाली आणि बाजूला हलवून पाहावे. मग बोटे पात्याच्या वाटेतून दूर ठेवून, मूठ फक्त दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून, पात्याची पाठ लाकडी फळीवर बेताने दाबावी. हेच वीस वेळा करावे. जो दुकानदार एवढे करू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नये.

कारागीर बांधवांसाठी एक गोष्ट. पात्याला आणि कमानीला एकच पाणी देऊन चालत नाही. पाणी दिल्यानंतर पोलाद पुन्हा तापवताना ते फिकट पिवळे दिसते, तेव्हा साधारण २३० अंश असतात. ही अवस्था धारेला चांगली. निळे होते तेव्हा ३०० च्या आसपास असतात. ती कमानीला चांगली. पिवळ्यावर थांबवलेली कमान तुटते, पाणीच न दिलेली कमान वाकून बसते. जुन्या उस्तादांना हे रंग डोळ्यांनी कळत होते. हा हुनर कोणी शिकला नाही तर आपण फक्त बाहेरचा माल विकणारे राहू.

येथे रामपूरची आठवण येते. मालेगावातील पुष्कळ विणकर घराण्यांचे वाडवडील १८५७ नंतर उत्तरेकडून आले, त्यामुळे रामपुरी हे नाव आपल्या घरांत नवे नाही. पितळी मूठ, पाठीला कमान, खटका लागतानाचा तो आवाज. ही कारागिरी मुख्यतः मुसलमान कारागिरांच्या हातची. सिनेमाने तिच्यावर गुंडगिरीचा शिक्का मारला, कायद्याने बंधने आणली आणि स्वस्त मालाने बाजार नेला. २०२३ साली रामपूरच्या चौकात २० फुटी चाकू उभारला गेला. मान मिळाला, पण चौकातल्या चाकूने कारागिराची चूल पेटत नाही. ती पेटते हमालाच्या, वायरमनच्या आणि कसमादे पट्ट्यात डाळिंब-द्राक्षांवर काम करणाऱ्या शेतकऱ्याच्या हातातल्या छोट्या, कामाच्या चाकूने. त्या गिऱ्हाइकाला लांब पाते नको. त्याला न सुटणारा खटका हवा.

कायद्याचेही भान ठेवावे. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारे मोडतात. घरगुती, शेतीची व उद्योगाची अवजारे त्यातून वगळली आहेत. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने बटणाचे, गरारीचे व स्प्रिंगने उघडणारे चाकू पाते ७.६२ सेंटिमीटर लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद असले की बंदीच्या कक्षेत येतात. आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो तेव्हा चाकू बाळगून फिरणेही गुन्हा ठरू शकते. मालेगावच्या माणसाला हे जास्त सांगायला नको. कामाचा चाकू गल्ल्यातच ठेवावा, खिशात घालून किदवाई रोडला जाऊ नये. बटण दाबताच उडून उघडणारा चाकू तर कामासाठी लागतच नाही. उघडल्यावर अडून राहणे ही वेगळी गोष्ट आहे आणि आपल्याला तेवढीच हवी.

शेवटी आमच्या बिरादरीबद्दल. चाकू विकणाऱ्याला दोष देताना आम्हाला आमचाच माल आठवला. ५२ पिकांचा सौदा करून ४८ पिकांचे कोरे कापड देणारे आमच्यात नाहीत काय? तेथेही वरून सर्व ठीक दिसते, आणि धुलाईत गेल्यावर कापड बोलते. कापड उसवले तर पैसा जातो, खटका सुटला तर बोट जाते, एवढाच फरक. दोन्हीकडे दोष विकणाऱ्याला आधी माहीत असतो.

म्हणून आमचे म्हणणे असे. चाकू विकणाऱ्या बांधवांनी विक्रीपूर्वी प्रत्येक नगाचा खटका पाहावा, साध्या चाकूला 'लॉकचा' म्हणून विकू नये आणि खटका सुटल्याची तक्रार आली तर नग बदलून द्यावा. पेढीवाल्यांनी आणि कारखानदारांनी कामगाराच्या हातात चाकू देण्यापूर्वी तो स्वतः तपासावा. खटका ढिला झालेला चाकू कोणाला देऊन टाकू नये, मोडून भंगारात घालावा. आम्ही आमचे उरलेले अकराही मोडले. आता गल्ल्यात दोनच चाकू आहेत, महाग आहेत, आणि जुम्याच्या आदल्या संध्याकाळी हमालचाचा ते स्वतः साफ करतात.