मैदानावर स्कार्फ चालतो का?

शाळेच्या फुटबॉल संघात मुलीची निवड झाली की घरात पहिला प्रश्न येतो, 'डोक्यावर स्कार्फ चालेल का?' चालतो. पण ही मुभा सहज मिळालेली नाही. २००७ साली कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातील एका स्पर्धेत ११ वर्षांच्या मुलीला पंचांनी हिजाब काढायला सांगितला. तिने नकार दिला आणि तिच्या पाठोपाठ सगळा संघ स्पर्धा सोडून गेला. गळा आवळला जाण्याची भीती, हे कारण तेव्हा पुढे आले. खेळाचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने २०१२ मध्ये प्रायोगिक परवानगी दिली आणि २०१४ मध्ये ती कायम केली.

आता नियम क्रमांक ४ प्रमाणे स्कार्फ काळा किंवा जर्सीच्या मुख्य रंगाचा असावा. तो जर्सीला जोडलेला नसावा आणि त्याचे टोक लोंबू नये. टाचणी टोचू शकते, म्हणून शिवलेला, घट्ट बसणारा स्कार्फच घ्यावा. आतल्या शर्टाच्या लांब बाह्या जर्सीच्या बाहीच्या रंगाच्या आणि लेगिंग्ज शॉर्ट्सच्या रंगाची हवी. कानातले, बांगड्या, गळ्यातली साखळी मात्र घरीच ठेवावी. तावीजचा दोराही पंच काढायला लावतील. त्यावर वाद घालू नये.

सामन्याआधी प्रशिक्षकांमार्फत पंचांना स्कार्फ दाखवावा, नियमाची छापील प्रत सोबत ठेवावी. तरीही पंच अडले, तर प्रशिक्षकांना बोलू द्यावे. अब्बूंनी बाहेरून आरडाओरडा केला, तर मैदानात उभ्या मुलीचाच जीव कानकोंडा होतो.